तलवार तुमची, पण खेळ कुणाचा?

प्रश्न : आमच्या घरच्या संगणकाचा प्रोसेसर जुना असल्याने विंडोज ११ त्यावर बसत नाही आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. ग्राफिक्स कार्ड मात्र चांगले आहे, आणि मुलाने स्टीमवर विकत घेतलेले वीस-पंचवीस गेम आहेत. विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली घातली तर ते चालतील का, की पैसे पाण्यात जातील? (नाशिक)

उत्तर : एकट्याने खेळायचे गेम बहुतेक सगळे चालतील आणि त्यासाठी ते पुन्हा विकत घ्यावे लागणार नाहीत. इतरांशी ऑनलाइन स्पर्धा करण्याच्या गेमपैकी काही मात्र अजिबात चालणार नाहीत. त्याचे कारण पुढच्या उत्तरात दिले आहे.

विंडोजसाठी लिहिलेला गेम लिनक्सवर चालतो कसा, हे थोडक्यात समजून घेतले की पुढच्या अडचणी कुठे येऊ शकतात याचा अंदाज येतो. गेमच्या फाइलमधल्या सूचना प्रोसेसरसाठी असतात आणि प्रोसेसर दोन्हीकडे तोच असल्याने त्या जशाच्या तशा चालतात. खोळंबा होतो तो गेम विंडोजकडे काही मागतो तेव्हा : अमुक फाइल उघड, खिडकी दाखव, आवाज वाजव. अशा हजारो मागण्यांना विंडोजच्या वतीने उत्तर देणारा 'वाइन' नावाचा प्रकल्प १९९३ पासून सुरू आहे. त्यातले प्रत्येक फंक्शन कुणीतरी बसून, मूळ विंडोज नेमके कसे वागते हे तपासत, नव्याने लिहिलेले आहे. चित्रांचा भाग सर्वांत अवघड होता, कारण विंडोजवरचे बहुसंख्य गेम डायरेक्टएक्सच्या भाषेत बोलतात आणि लिनक्सवर ती भाषा नाही. फिलिप रेबोले या प्रोग्रामरला 'निअर : ऑटोमाटा' हा गेम लिनक्सवर खेळायचा होता, म्हणून त्याने डायरेक्टएक्सच्या आज्ञा लिनक्सला समजणाऱ्या व्हल्कन या चित्रभाषेच्या आज्ञांमध्ये बदलणारा 'डीएक्सव्हीके' लिहायला घेतला. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने वाइन, डीएक्सव्हीके आणि इतर काही भाग एकत्र बांधून ऑगस्ट २०१८ मध्ये 'प्रोटॉन' आणला. त्या दिवशी त्याच्या अधिकृत यादीत अवघे २७ गेम होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये व्हॉल्व्हने स्टीम डेक हे लिनक्सवर चालणारे हातातले यंत्र बाजारात आणले आणि त्यानंतर गेम तयार करणाऱ्या कंपन्या स्वतःच प्रोटॉनवर चाचणी करू लागल्या. आज तुमचा मुलगा ज्या सुखाने खेळू शकेल ते मुख्यतः या यंत्राच्या पुण्याईने आहे, असे माझे मत आहे.

आता प्रत्यक्ष करायच्या गोष्टी पाहू. आधी मुलाची यादी घेऊन प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर एकेक गेम शोधावा. तिथे खेळाडूंनी स्वतःच्या यंत्रावरचे अनुभव नोंदवलेले असतात आणि त्यावरून प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर अशी प्रतवारी ठरते. ग्राफिक्स कार्ड एएमडीचे असेल तर लागणारे ड्रायव्हर लिनक्ससोबतच येतात. एनव्हिडियाचे असेल तर कंपनीचा ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो, किंवा तो आधीच घातलेली लिनक्सची आवृत्ती निवडावी लागते. स्टीमच्या सेटिंगमध्ये कंपॅटिबिलिटी या विभागात प्रोटॉन निवडता येतो. एखाद्या गेमची लिनक्ससाठीची मूळ आवृत्ती उपलब्ध असूनही ती कंपनीने वर्षानुवर्षे वाऱ्यावर सोडलेली असते; अशा वेळी त्या गेमपुरता प्रोटॉन सक्तीने लावून विंडोजची आवृत्ती चालवली तर ती अधिक सुरळीत चालते, हा लिनक्सवाल्यांना काहीसा लाजिरवाणा वाटणारा पण उपयोगी तोडगा आहे.

एक चूक बहुतेक नवखे करतात, ती टाळावी. जुन्या विंडोजच्या डिस्कवर गेम आधीच उतरवलेले आहेत, तेव्हा लिनक्सवरून त्याच डिस्ककडे बोट दाखवावे, असा मोह होतो. ती डिस्क एनटीएफएस या विंडोजच्या फाइल-मांडणीच्या पद्धतीची असते. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी स्टीमच्या फोल्डरात त्या गेमच्या क्रमांकाचे एक उपफोल्डर बनवतो, त्यात 'ड्राइव्ह सी' नावाचे खोटे विंडोज मांडतो (त्यातल्या वापरकर्त्याचे नावसुद्धा ठरलेले असते, 'स्टीमयूजर') आणि त्याकडे नेणारा, नावात अपूर्णविरामाचे चिन्ह असलेला एक दुवा तयार करतो. विंडोजच्या नियमांत फाइलच्या नावात ते चिन्ह चालत नाही, म्हणून गेम सुरू होण्याआधीच बंद पडतो किंवा डिस्कमध्ये बिघाड दाखवला जातो. त्यामुळे लिनक्सच्या स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या जागेवरच गेम उतरवावेत. ज्या गेमची प्रगती स्टीमच्या क्लाउडवर जात नाही, त्याच्या सेव्ह फाइल अनेकदा याच खोट्या 'ड्राइव्ह सी'मध्ये असतात. संगणक पुन्हा साफ करण्याआधी तेवढ्या जपून ठेवाव्यात.

प्रश्न : व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही असे मित्र सांगतात. लिनक्समध्ये व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) करून त्यात विंडोज घातले तर? (पुणे, वसतिगृहातील विद्यार्थी)

उत्तर : तसेही चालणार नाही. व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायट कंपनीचा 'व्हॅनगार्ड' हा फसवेगिरी रोखणारा प्रोग्राम विंडोजच्या थेट कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, जाऊन बसतो. वाइनमध्ये विंडोजचे कर्नल मुळात नसतेच, त्यामुळे त्याला बसायला जागा नाही. आणि व्हर्च्युअल मशीन दिसले की तो गेम सुरू होऊ देत नाही. इथे प्रोटॉन तयार करणाऱ्यांची मेहनत कमी पडली असे म्हणता येत नाही, कारण हा कंपनीने घेतलेला निर्णय आहे. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या अशाच दोन प्रणालींनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी सोय करून दिली, मात्र ती चालू करायची की नाही हे प्रत्येक गेमच्या कंपनीवर सोडले. ईझी अँटी-चीट ज्या एपिक कंपनीच्या मालकीची आहे, तिनेच आपल्या फोर्टनाइटसाठी ती सोय चालू केलेली नाही! एपेक्स लेजेंड्स लिनक्सवर चालत असे, पण लिनक्सच्या आडून फसवेगिरी होते असे सांगून २०२४ च्या अखेरीस त्याच्या कंपनीने ते दार बंद केले. व्हॅलोरंट सोडवत नसेल तर विंडोज वेगळ्या डिस्कवर ठेवावे आणि बाकीचे सगळे लिनक्सवर करावे, हाच मार्ग आहे.

प्रश्न : लिनक्सवाले स्वातंत्र्याच्या गोष्टी करतात, पण गेममधल्या वस्तू एनएफटी (ब्लॉकचेन या सामायिक डिजिटल नोंदवहीतला मालकीचा दाखला) करून त्यांची मालकी खेळाडूला द्यायची म्हटले की तेच सर्वांत जास्त नाक मुरडतात. व्हॉल्व्हने तर स्टीमवर ब्लॉकचेनचे गेमच बंद केले. एका कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून राहण्यापेक्षा आपली तलवार आपल्या वॉलेटमध्ये (स्वतःच्या डिजिटल पाकिटात) असणे, आणि ती या गेममधून त्या गेममध्ये नेता येणे, हे अधिक स्वातंत्र्य नाही का? (कोल्हापूर)

उत्तर : तुमच्या तक्रारीतला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. युबिसॉफ्टने 'द क्रू' या मोटारशर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला गेम कुणालाच, एकट्यालासुद्धा, खेळता येईनासा झाला. व्हॉल्व्हही धुतल्या तांदळासारखी नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिने एनएफटी किंवा क्रिप्टो चलन देणारे गेम स्टीमवर नाकारले खरे, पण काउंटर-स्ट्राइकमधल्या बंदुकींच्या स्किनचा (रंगरूपांचा) मोठा बाजार तिच्याच छत्राखाली भरतो आणि त्यातल्या प्रत्येक विक्रीवर ती शुल्क घेते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिने सुऱ्या मिळवण्याचा एक नियम बदलला आणि सुऱ्यांचे भाव रातोरात कोसळले. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हेच तिथेही खरे आहे.

तरीही एनएफटीने हा प्रश्न सुटतो हे मला पटत नाही, आणि त्याचे कारण पहिल्या उत्तरात अर्धे येऊन गेले आहे. इथेरियम या ब्लॉकचेनवरचे ठरावीक नमुन्याचे एनएफटी टोकन उघडून पाहिले तर त्यात सामान्यतः काय सापडते? एका कराराचा पत्ता, एक क्रमांक, मालकाच्या वॉलेटचा पत्ता आणि वर्णनाच्या फाइलकडे जाणारा दुवा. तलवारीचा आकार, तिचा पोत, ती उगारताना पात्राचा खांदा कसा वळतो, तिच्या घावाने किती नुकसान होते, यांपैकी काहीही साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, नसते. ते गेमच्या कोडमध्ये आणि सर्व्हरवर असते. दुसऱ्या गेममध्ये ती तलवार न्यायची तर त्या गेमच्या चमूला हे सगळे नव्याने बनवावे लागेल, त्यांच्या खेळाचा तोल बिघडणार नाही याची काळजी घ्यावी लागेल, आणि हे सगळे अशा वस्तूसाठी जिचे पैसे दुसऱ्याच कंपनीने घेतले आहेत. असे कुणी का करील? एकाच प्रोसेसरवर चालणाऱ्या दोन प्रणालींमध्ये एक गेम इकडून तिकडे नेण्यासाठी वाइनच्या लोकांना तीन दशके एकेक फंक्शन लिहावे लागले. 'कुठेही चालेल' या शब्दांची किंमत ज्यांनी स्वतः मोजली आहे, त्यांना तेच काम नोंदवहीतल्या एका ओळीने होईल हे आश्वासन पोकळ वाटते. लिनक्सवाल्यांच्या नाक मुरडण्यामागे मला तरी मुख्यतः हेच दिसते. सातबारा आपल्या नावावर असला तरी विहिरीला पाणी लागेल असे तो लिहून देत नाही.

प्रत्यक्ष प्रयोग काय सांगतात तेही पाहा. ज्या युबिसॉफ्टने पुढे 'द क्रू' बंद केला, तिनेच डिसेंबर २०२१ मध्ये 'क्वार्ट्झ' नावाने एनएफटी आणले होते. 'घोस्ट रिकॉन ब्रेकपॉइंट' या गेममधले शिरस्त्राण, विजार, बंदुकीची स्किन अशा त्या वस्तू होत्या आणि प्रत्येकीवर अनुक्रमांक होता. एप्रिल २०२२ मध्ये कंपनीने या गेममध्ये नवे काही येणार नाही असे जाहीर केले. अनुक्रमांक साखळीवर शाबूत राहिला, पण ती विजार घालून जायला दुसरा गेम आला नाही. त्याच डिसेंबरात 'स्टॉकर २' च्या कर्त्यांनी एनएफटीची घोषणा केली आणि खेळाडू खवळल्यावर लगोलग मागे घेतली. वॉलेटमधली वस्तू कंपनीच्या हातून सुटली म्हणजे सुरक्षित झाली, असेही नाही : 'ॲक्सी इन्फिनिटी' या गेमशी जोडलेल्या रोनिन साखळीवरून मार्च २०२२ मध्ये सुमारे ६२ कोटी डॉलरची चोरी झाली.

विरोधकांचा एक आक्षेप मात्र आता बराच जुना झाला आहे, तो उगाळण्यात अर्थ नाही. इथेरियमने सप्टेंबर २०२२ मध्ये नोंदी पडताळण्याची पद्धत बदलली आणि त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला, त्यामुळे प्रत्येक एनएफटीमागे वीज जळते असे आज सरसकट म्हणता येत नाही.

तुम्हाला खरोखर आपल्या हाती राहणारी खरेदी हवी असेल तर गॉगसारख्या दुकानातून नक्कल रोखणारे डिजिटल कुलूप न लावलेले गेम घ्या आणि त्यांच्या इन्स्टॉलरची प्रत स्वतःच्या डिस्कवर ठेवा. हीरोइक या प्रोग्राममधून ते लिनक्सवर प्रोटॉनच्या साह्याने चालवताही येतात.

प्रश्न : २०२१ मध्ये घेतलेले काही गेमचे एनएफटी आता विकले तर नफ्यावर कर किती? काहींत तोटा आहे, तो वजा होईल का? (ठाणे)

उत्तर : १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातील उत्पन्नावर ३० टक्के दराने कर आहे, त्यावर अधिभार आणि उपकर लागू असेल तसा वेगळा. त्यातून फक्त मूळ खरेदीची किंमत वजा करता येते. व्यवहारासाठी साखळीवर मोजलेले शुल्क खर्च म्हणून दाखवता येईल असे गृहीत धरू नका. एका टोकनमधला तोटा दुसऱ्या टोकनच्या नफ्यातून किंवा इतर कोणत्याही उत्पन्नातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. ठरावीक मर्यादेपुढच्या व्यवहारांत खरेदीदाराने मोबदल्यावर १ टक्का टीडीएस कापायचा असतो, तो आपल्या खात्यात जमा झालेला दिसतो का हे पाहून घ्या. खरेदीच्या दिवशी क्रिप्टो चलनात मोजलेल्या रकमेची रुपयांतली किंमत कागदोपत्री दाखवावी लागेल. जुन्या वॉलेटचे व्यवहार उतरवून घेऊन ते सनदी लेखापालांकडे विक्रीच्या आधी न्यावेत.