यात माझा गाळा कुठंय?

पत्र (जरा कापून): "ताई, मी 31 वर्षांची, हिंजवडीत जॉब. दीड वर्ष झालं, दर रविवारी सकाळी मंडईसमोर फुटपाथवर स्टूल टाकून चित्रं काढते. समोर दिसतं ते नाही, मनातलं पुणं. मुठा लक्ष्मी रोडवरून वाहतेय, मंडईच्या मनोऱ्यात दीपगृहाचा दिवा, खाली गलबतं. नवरा म्हणतो घरात बसून काढ ना, रस्त्यावर कशाला. सासूबाई म्हणतात मंडईत जाते आणि हात हलवत परत येते. त्यात बघ्यांचा ताप, परवा एक भाजीवाल्या मावशी चहाला बाहेर आल्या होत्या, त्या वाकून बघत म्हणाल्या, यात माझा गाळा कुठंय. काय बोलणार, हसले आणि आवरलं. घरच्यांना कसं समजावू?"

घरच्यांचं राहू दे गं. नवऱ्याचं तर वाचून मी पुढेच गेले, कारण मला त्या मावशींपाशी थांबायचंय, ज्यांना तू सरळ बघ्यांच्या तापात टाकून मोकळी झालीस. दीड वर्षात तुझ्या चित्राबद्दल कुणीतरी एक धड प्रश्न विचारला आणि तू काय केलंस, तर पेन खिशात टाकून घरी गेलीस!

पत्रात चित्राचं एवढं वर्णन केलंयस, नदी, दिवा, गलबतं, पण माणूस एकही नाही. गलबतं कुणाची? त्यातून माल कोण उतरवतंय? घेतंय कोण? तू मंडईचा फक्त मनोरा घेतलास आणि मंडई बाहेरच ठेवलीस. आणि गंमत बघ, 1886 मध्ये उघडलेली ही इमारत आधी रे मार्केट होती, गव्हर्नरच्या नावानं, आणि ती बांधायची चर्चा चाललेली तेव्हा नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी विरोध केलेला, एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा शिक्षणाला द्या म्हणून. पुढे त्यांचंच नाव तिला दिलं, असो. पण तूही नुसती इमारतच धरून बसलीयस.

सासूबाई रिकाम्या हातांवरून बोलतात ना, मला तर वाटतं त्यांनी तुझी चोरी बरोबर पकडलीय. तू कधी आत गेलेलीच नाहीस.

तर येत्या रविवारी स्टूल उचल आणि आत जा. मावशींना शोध, विचार बसू का इथं, आणि त्यांचा गाळा काढ. तुझं पाणी पुसू नकोस, राहू दे, मला आवडलं ते. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांत खरंच पाणी शिरलेलं, तेव्हा पुण्यात पाणी काढणं म्हणजे अगदीच हवेतली गोष्ट नाही. आणि तिथले ओटे नीट बघ, भाजी खाली उतरती रचलेली आणि विकणारी माणसं वर उंचावर बसलेली. म्हणजे तुझं पाणी चढलं तरी मावशी कोरड्याच, गलबत थेट ओट्याला लागेल, गिऱ्हाईक होडीत उभं राहून मेथीचा भाव करेल. हे तुला फुटपाथवरून सुचलं असतं का? मला तरी नसतं सुचलं.

माणसं काढायची भीती वाटत असेल तर (तीच असणार, मनोरा काही हलत नाही ना) एवढं लक्षात ठेव, की तू बुटक्या स्टूलवर बसतेस म्हणजे तुझी क्षितिजरेषा, म्हणजे तुझ्या डोळ्यांच्या उंचीची आडवी रेघ, समोर उभ्या असलेल्यांच्या साधारण कमरेशी येते. आधी ती रेघ मार. जवळचा असो नाहीतर लांबचा, उभ्या माणसाची कंबर त्या रेघेवर ठेव, डोकी आपोआप वर जातात आणि गर्दी खरी वाटायला लागते. ओट्यावरच्या मावशी मात्र सगळ्यांच्या वर. चेहरे नाही जमले तरी चालेल, पदर आणि तराजू जमव.

झालं की कागद फिरवून त्यांना दाखव, आणि त्या म्हणाल्या की माझी टोमॅटोची रास एवढीशी का काढली तर तिथंच बसून मोठी कर. येताना मेथी त्यांच्याकडूनच घे, आणि भाव करू नकोस.