ढोल लावून आडवं पडण्याआधी हे वाच

तुझा मेसेज मिळाला. शमानिक जर्नी, म्हणजे आदिवासी जमातींतले शमन (आत्म्यांशी बोलणारे वैदू) ढोलाच्या ठेक्यावर मनाने दुसऱ्या जगात फिरून येतात तसं, करून बघायचीय, भीती पण वाटतेय, आणि घरी आईला वाटतंय पोरगं कुठल्या बुवाच्या नादी लागलं. आईला आधी एवढं सांग की यात अंगात येणं वगैरे नसतं. देवऋषाच्या अंगात देव येतो, इथे उलटं आहे, आपणच मनाने फिरायला जायचं, आणि सगळा वेळ आपल्याला माहीत असतं की आपण सतरंजीवर पडलोय, उठावंसं वाटलं तर उठता येतं.

आता हे वर्कशॉपमध्ये शिकवतात ते कुठल्या एका जमातीचं जसंच्या तसं नाहीये. मायकेल हार्नर नावाचा अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ इक्वाडोरच्या शुआर आणि पेरूच्या कोनिबो लोकांत राहिला, कोनिबोंकडे आयाहुआस्का (भास घडवणारा वेलीचा काढा) पण प्यायला, पण पुढे त्याच्या लक्षात आलं की सायबेरियासारख्या बऱ्याच ठिकाणी नुसत्या ढोलावर भागतं, मग सगळीकडे कॉमन वाटलं तेवढं घेऊन त्याने एक साधी पद्धत बसवली, १९८० मध्ये पुस्तक काढलं आणि ती जगभर गेली. मी पण तीच वापरते, नवख्याला बरी पडते. पण तिच्यातून मूळची माणसंच गाळली गेलीत. नॉर्वेत अँडर्स पॉल्सन नावाच्या म्हाताऱ्या सामी (उत्तर युरोपातले मूळ रहिवासी) माणसाचा ढोल १६९१ मध्ये जप्त केला, पुढच्या वर्षी जादूटोण्याचा खटला चालवला, निकाल लागायच्या आतच कोठडीत त्याचा खून झाला. तो ढोल सामी लोकांच्या मालकीचा व्हायला २०२२ उजाडलं! म्हणून दोन वीकेंडचा कोर्स करून स्वतःला शमन म्हणवणारे भेटले की माझं डोकं फिरतं, तू सर्टिफिकेटच्या मागे लागू नकोस.

बाकी करायचं ते सोपं आहे. खोलीत अंधार, डोळ्यांवर ओढणी, ढोल एकसुरी हवा, सेकंदाला चार ते सात ठोके, पहिल्यांदा दहा-पंधरा मिनिटं पुरे. जमिनीत जाणारी एखादी जागा आठव, पण खरंच पाहिलेली, कल्पनेतली नको, म्हणजे गावची विहीर, झाडाची ढोली, वारूळ, काहीही. तिथून खाली उतरत जा, बोगद्यासारखं काहीतरी लागतं, पलीकडे बाहेर पडलीस/पडलास की नुसतं बघ कोण भेटतं. हार्नरचं म्हणणं असं की एकच प्राणी चार वेळा वेगवेगळ्या बाजूंनी दिसला तर तो तुझा सोबती, पण दात विचकून अंगावर येणाऱ्याच्या वाटेला जायचं नाही, वळसा घालून पुढे व्हायचं. वाघच दिसेल अशी अपेक्षा ठेवू नकोस, सगळ्यांना वाघ आणि गरुडच हवे असतात, मुंगूस आलं तर मुंगूस. काहींना दिसत काहीच नाही, आवाज येतो किंवा अंगाला गार लागतं, ते पण चालतं.

प्रश्न घेऊन जायचं ते नंतर, आणि 'नोकरी लागेल का' टाईपचे नकोत, हो-नाही उत्तराने काही हाती लागत नाही, 'या नोकरीत माझं काय अडतंय' असं विचार.

ढोलाचा ठेका बदलला की परत फिरायचं. सात-सात जोरदार ठोके चार वेळा, मग अर्धा-एक मिनिट एकदम फास्ट, त्यात आलेल्या वाटेनेच परत. घाई झाली म्हणून वाट सोडून मध्येच डोळे उघडायचे नाहीत, नंतर तासभर बधिर वाटत राहतं. उठल्यावर पाणी पी आणि लगेच लिहून काढ, अर्थ लावत बसू नकोस, जे दिसलं तेवढंच.

फिट्स येत असतील किंवा आधी कधी भास, सायकोसिस असं काही झालं असेल तर हे करूच नकोस, निदान डॉक्टरशी बोलल्याशिवाय तरी नाही. आणि मित्रमैत्रिणींचे आजार 'बघून' द्यायला तर बिलकुल जायचं नाही, आपल्याकडे २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे तो सोड, पण समोरचा तुझ्या भरवशावर गोळ्या बंद करून बसला तर काय करशील?

रेकॉर्डिंग यूट्यूबवरून लावणार असशील तर आधी डाउनलोड कर आणि शेवटी परतीचे ठोके आहेत ना ते ऐकून घे, नाहीतर मध्येच बनियनची जाहिरात लागते.