मुख्य कलाकाराआधी मंचावर येणारे

मुख्य कलाकाराच्या आधी वाजवणाऱ्यांपैकी कोणी कायमचे लक्षात राहिले आहे का, आणि तिकिटावरची वेळ पाळून अगदी पहिल्यापासून जाऊन बसण्यात काही अर्थ आहे का, असे आपण विचारले आहे. दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर ‘होय’ असेच आहे. मात्र पहिला कलाकार लक्षात राहतो तो केवळ त्याच्या तयारीमुळे नव्हे. त्या संध्याकाळी तो तिथे का आहे, हे समोरच्यांना उमगले की नाही यावर बरेच काही ठरते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेली ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’. दुपारचा आणि रात्रीचा असे दोन कार्यक्रम मिळून सुमारे ४०,००० श्रोते जमले होते, आणि त्यांतील बहुतेक जण ‘बीटल्स’मधला जॉर्ज हॅरिसन व त्याचे रॉकमधले मित्र यांच्यासाठी आले होते, हे उघड आहे. प्रत्यक्षात पडदा उघडला तो सतार, सरोद आणि तबल्यावर. पं. रविशंकर, उ. अली अकबर खाँ, उ. अल्लारखाँ आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती, अशी ती बैठक होती. हॅरिसनने आधी स्वतः येऊन हे संगीत थोडे गंभीर आहे, तेव्हा जरा धीराने ऐका, असे श्रोत्यांना सांगितले आणि रविशंकरांनी वादन चालू असताना धूम्रपान न करण्याची विनंती केली. मग वाद्ये सुरात लावण्यात मिनिट-दीड मिनिट गेले, ते थांबताच सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला, आणि सूर जुळवणेच इतके आवडले असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे, असे रविशंकर हसत म्हणाले.

हा किस्सा आपल्याकडे अमेरिकन श्रोत्यांच्या अज्ञानाची गंमत म्हणून सांगितला जातो. मला ते अन्यायाचे वाटते. ज्यांनी हे संगीत बहुधा कधी समोर बसून ऐकले नव्हते, त्यांनी हुल्लडबाजी न करता आधी सद्भावनेने दाद दिली आणि नंतर या वादकांनी सादर केलेली ‘बांगला धून’ शांतपणे ऐकली, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. शिवाय या चौघांना वेळ भरून काढण्यासाठी बसवलेले नव्हते; पूर्व बंगालमधील, म्हणजे आताच्या बांगलादेशातील, निर्वासितांच्या मदतीसाठी कार्यक्रम करावा ही कल्पनाच मुळी रविशंकरांची होती आणि त्या भूमीशी त्यांचे व अली अकबरांचे कौटुंबिक नाते होते. त्यांचे वादन संपल्यावर मंच बदलला जात असताना तेथील हालअपेष्टांची चित्रफीत दाखवण्यात आली. त्यामुळे गिटारी मंचावर येण्याआधीच आपण कशासाठी जमलो आहोत हे श्रोत्यांना कळले होते. तिकीटविक्रीतून २,४३,४१८ डॉलर युनिसेफला गेले, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्या दिवसाचे गांभीर्य घडवले ते पहिल्या बैठकीने, असे माझे मत आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण १९६७ च्या जुलैचे. रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सला ‘द मंकीज’ या दूरदर्शन मालिकेतून लोकप्रिय झालेल्या गटाच्या दौऱ्यात आधी वाजवण्यासाठी घेतले, आणि किशोरवयीन मुली त्याच्या गिटारवर आपल्या लाडक्या गायकांच्या नावाने ओरडत राहिल्या. थोड्याच कार्यक्रमांनंतर तो दौऱ्यातून बाहेर पडला. एका महिला संघटनेच्या तक्रारीवरून त्याला काढल्याची कथा अजून फिरते, पण ती एका पत्रकाराने थट्टेने रचलेली होती. ऑक्टोबर १९८१ मध्ये लॉस एंजेलिसला ‘रोलिंग स्टोन्स’ या रॉक गटाच्या आधी अमेरिकन गायक-गिटारवादक प्रिन्स आला, तेव्हा तर प्रेक्षकांनी वस्तू फेकून त्याला मंच सोडायला लावला, दोन दिवसांनी तो पुन्हा आला आणि पुन्हा तसाच पाहुणचार झाला. तीनच वर्षांत ‘पर्पल रेन’ या अल्बमने आणि चित्रपटाने त्याला कुठच्या कुठे नेले. दोन्ही वेळी वादकात उणे काहीच नव्हते, जोडी चुकीची होती.

जोडीइतकाच ध्वनियोजनेचाही वाटा असतो आणि त्याचा विचार फारसे कोणी करत नाही. साउंड चेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची तपासणी, सहसा उलट्या क्रमाने होतो: मुख्य कलाकार आधी, पहिला कलाकार शेवटी, म्हणजे त्याची वाद्ये मंचावर तशीच लागलेली राहतात. मोठ्यांचे काम लांबले की कात्री लागते ती पहिल्याच्या वेळेला. त्यात मुख्य बँडचा ड्रम सेट मागे झाकून ठेवलेला असल्याने याला पुढच्या अरुंद पट्टीत उभे राहावे लागते. पहिल्या दोन गाण्यांत गायकाचा आवाज दबलेला वाटला, तर दोष लगेच गायकाला देऊ नये. तिसऱ्या गाण्यापर्यंत ध्वनियोजकाला अंदाज येतो. बंगळुरूला मार्च २००७ मध्ये ‘आयर्न मेडन’ या ब्रिटिश हेवी मेटल गटाच्या आधी वाजवणाऱ्या दिल्लीच्या ‘परिक्रमा’ या रॉक बँडला त्याच वर्षी इंग्लंडच्या ‘डाउनलोड’ या रॉक महोत्सवात वाजवण्याची संधी मिळाली, तेव्हा अशा अडचणींतूनही वाट निघते.

आपल्या शास्त्रीय मैफलींत लवकर जाण्याचे कारण याहून पक्के आहे. ज्येष्ठ कलाकार शेवटी, हा रिवाज असल्याने आणि राग वेळेप्रमाणे गाण्याची पद्धत असल्याने मुलतानी, भीमपलास, पूरिया धनाश्री, मारवा हे राग बहुधा दुपारी वा सायंकाळी सर्वांत आधी बसणाऱ्याच्याच वाट्याला येतात. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात रात्री मंडप भरल्यावर पोहोचणाऱ्याला नावाजलेले गायक भेटतात, पण त्यांच्याकडून ताज्या आवाजातला मुलतानी मिळणे जवळजवळ अशक्य. तो साडेचारला अर्ध्या रिकाम्या मंडपात कोणी तरुण गायक गाऊन गेलेला असतो. तिथे तर पहिल्या सत्राला हजर राहावेच. स्टेडियममधल्या कार्यक्रमांना मी जाहीर वेळेच्या तासभर आधी फाटकापाशी पोहोचतो, कारण सुरक्षा तपासणीच्या रांगेतच पहिल्या कलाकाराची निम्मी गाणी संपतात.