वाचक विचारतात : सेल बदलला, आता लिहू का?

प्रश्न : मी गणिताची निवृत्त शिक्षिका असून कसबा पेठेतील एका जुन्या वाड्यात राहते. मुलगा बंगळुरूला गेला तेव्हा त्याचा जुना डेस्कटॉप माझ्याकडे राहिला. गेल्या पावसाळ्यापासून रोज सकाळी यंत्र सुरू केले की तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली असे आणि बँकेचे संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नसे. एका दुकानदाराने मदरबोर्ड गेल्याचे सांगितले. मी मात्र वाचून, चित्रफिती पाहून कॅबिनेट उघडले, आतला नाण्याएवढा सेल बदलला आणि यंत्र पूर्ववत झाले. तेव्हापासून हार्डवेअर शिकण्याचा नाद लागला आहे; रॅम (यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीची पट्टी) काढून तिचे सोनेरी दाते खोडरबराने घासण्यापर्यंत मजल गेली. हे सारे मराठीत लिहून इंटरनेटवर ठेवावेसे वाटते. पण या विषयातली पदवी नाही, मराठी शब्द सापडत नाहीत आणि काही चुकीचे सांगितले जाईल अशी धास्ती वाटते. जाता जाता एक शंका : कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, त्या कशामुळे?
– एक वाचिका, पुणे

उत्तर : शेवटची शंका आधी घेतो, कारण बाकीचे सगळे चार दिवस थांबू शकते. यंत्राला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या तोंडाशी, विजेतला गोंगाट गाळण्यासाठी, दोन छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. एक फेज व अर्थिंग यांच्यामध्ये, दुसरा न्यूट्रल व अर्थिंग यांच्यामध्ये. अर्थिंग नीट असेल तर त्यांतून झिरपणारी किंचित वीज जमिनीत जाते. ते नसेल तर कॅबिनेटचा पत्रा २३० व्होल्टच्या सुमारे निम्म्यावर तरंगत राहतो आणि हात लागला की झिणझिण्या येतात. हा प्रवाह अगदी थोडा असतो, हे खरे. पण उद्या आतली एखादी फेजची वायर खरोखरच पत्र्याला टेकली, तर तिला वाट करून देणारी तार तुमच्या घरात नाही, असा या झिणझिण्यांचा अर्थ होऊ शकतो. जुन्या वाड्यांत दोनच तारांची वायरिंग आणि सॉकेटचे तिसरे भोक निव्वळ शोभेचे, असा प्रकार आढळतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय यंत्राला हात लावू नये. एसएमपीएसचा डबा तर अर्थिंग झाल्यावरही उघडू नये. आत साधारण ३२५ व्होल्टचा साठा असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

आता सेलबद्दल. तुम्ही केलेले निदान अचूक होते, पण ‘सेल बदला’ एवढेच लिहिले तर त्या लेखाचा वाचकाला फारसा उपयोग होणार नाही. तो सेल का संपला आणि दुखणे रोज सकाळीच का दिसले, हे त्यात यायला हवे. मदरबोर्डवरचे घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालते आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या म्हणजे २ चा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मे करत गेले की सेकंदाला नेमका एक ठोका उरतो. (गणिताच्या शिक्षिकेने हे आपल्या लेखात गाळले तर नवल!) प्लग लावलेला आणि भिंतीवरचे बटन चालू असेल, तर यंत्र बंद असतानाही एसएमपीएसकडून या घड्याळाला वीज मिळते. काटकसर म्हणून किंवा विजांच्या भीतीने आपण रात्री बटन बंद करतो आणि मग सगळा भार सेलवर येतो. संकेतस्थळ खरे असल्याची खूण पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्रांना अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. घड्याळ मागे गेलेल्या यंत्राच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले नसते, म्हणून बँक ‘असुरक्षित’ ठरते. सेलच्या नावातही माहिती आहे : सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. नवा सेल मल्टिमीटरवर तीन व्होल्टच्या किंचित वर दाखवतो. जुना सेल टाकून दिला नसेल तर मोजा आणि तो आकडा लेखात द्या, कारण दुकानदाराच्या निदानाला त्याहून चांगले उत्तर नाही.

खोडरबराचा उपाय मात्र लिहू नये, असे माझे मत आहे. दुकानांतून तो सर्रास केला जातो आणि बहुतेकदा यंत्र सुरूही होते. पण रबरात घासण्याचा गुण असतो आणि दात्यांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. शिवाय रॅम काढून पुन्हा नीट बसवल्यानेच काम झाले की घासल्यामुळे, हे अशा वेळी कळत नाही. आधी नुसती काढून बसवावी; तेवढ्याने भागले नाही तरच आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसावे.

शब्दांची चिंता सोडा. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत कोणी ‘स्मृतिपट्टी’ मागितली तर दुकानदार तोंडाकडे पाहत राहील. रॅम, मदरबोर्ड, हीट सिंक ही वस्तूंची नावे आहेत तशीच ठेवावीत. मराठी लागते ती हाताने करायच्या कृतीसाठी आणि डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांसाठी : खाच, खटका, सैल, फुगलेला, गंज, करकर. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ या रॅमच्या दोन पिढ्यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, कारण पहिलीला १.५ व्होल्ट लागतात आणि दुसरीला १.२. ‘खाच जुळत नसेल तर दाबू नका, ती रॅम या यंत्राची नाही’ या एका वाक्याने कितीतरी मदरबोर्ड वाचतील.

पदवीचे म्हणाल, तर तुम्ही स्वतः केले तेवढेच लिहायचे असेल तेव्हा तिची गरज पडत नाही. मदरबोर्डचे मॉडेल, काम केल्याची तारीख आणि फसलेले प्रयत्नही लिहावेत. चूक निघाली तर जुने वाक्य गुपचूप पुसू नये. त्याच्याखालीच तारीख घालून दुरुस्ती द्यावी, म्हणजे आधी वाचून गेलेल्यालाही आपण कुठे फसलो ते कळेल. आणि कॅबिनेटची छायाचित्रे टाकताना एक पाहा : जुन्या यंत्रांवर विंडोजच्या परवान्याचा क्रमांक छापलेले स्टिकर असे. तो क्रमांक झाकूनच छायाचित्र घ्या.