पंपाचा इम्पेलर: छापायचा की ओतायचा?

प्रश्न (फोंडा): कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) विहिरीवर जुना मोनोब्लॉक पंप आहे. सहा घरांचे पिण्याचे पाणी त्यावरच चालते. १५० मिमीचा गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पाकळ्यांचे चाक, झिजला आहे आणि सुटा मिळत नाही. दुकानदार म्हणतो, नवा पंप घ्या. भाच्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे. त्यावर काढलेला इम्पेलर चालेल का?

उत्तर: तो पंपात बसवू नका. पंप मिनिटाला २९०० च्या आसपास फेरे घेतो. प्रिंटमधले थर एकावर एक नुसते चिकटलेले असतात. इम्पेलर शाफ्टवर पकडणाऱ्या चावीच्या खाचेपाशी ते आधी उकलतात आणि तुकडे थेट टाकीत जातात. एप्रिल-मेमध्ये विहीर आटून पंप कोरडा फिरला, तर पीईटीजी हे प्रिंटरचे प्लास्टिक ८० अंशांच्या आसपासच मऊ पडते.

भाच्याकडून पॅटर्न करून घ्या, म्हणजे ज्यावरून वाळूत साचा उठवतात तो नमुना. ओतकाम बेळगाव-कोल्हापूरकडच्या फाउंड्रीत होईल. धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न मोठा हवा: गनमेटलला साधारण दीड टक्का, स्टेनलेसला दोन ते अडीच. १५० मिमीचा पॅटर्न स्टेनलेससाठी दोन टक्क्यांनी १५३ होतो. मात्र नेमका आकडा फाउंड्रीवाल्याला विचारूनच फाइल करा. लेथवर घासायच्या प्रत्येक पृष्ठभागावर आणखी २ मिमी ठेवा. बोअर, म्हणजे शाफ्टसाठीचे मधले भोक, भरीवच ठेवा, ते लेथवर पाडतात. उभ्या बाजूंना एक-दोन अंश उतार द्या आणि थरांच्या रेषा पुटी लावून, पॉलिश पेपरने घासून घालवा. नाहीतर पॅटर्न उचलताना वाळू ढासळते. पाकळ्या दोन्ही बाजूंनी झाकलेल्या असतील तर मधली पोकळी वाळूच्या कोअरने (साच्यात ठेवायच्या गाभ्याने) येते, म्हणजे तो घडवायचा कोअर बॉक्सही प्रिंट करावा लागतो. तो नसेल तर फाउंड्रीवाला तुम्हाला परत पाठवील.

खरी चूक मापात होते. झिजलेल्या इम्पेलरचे स्कॅन जसेच्या तसे वापरले की झीजही नव्यात उतरते. इम्पेलरची मान जिथे केसिंगमधल्या (पंपाच्या बाहेरच्या कवचातल्या) रिंगेत फिरते, तिथे आधी रिंगेचा आतला व्यास मोजा आणि मान त्याहून ०.३ ते ०.४ मिमी लहान ठेवा. फट जास्त झाली तर पाणी केसिंगमध्येच गोल फिरते. वीज तेवढीच, टाकीत पाणी कमी. बाहेरचा व्यासही लेथवाल्याला अंदाजाने उतरवू देऊ नका. १५० चा १४० झाला तर पंप पाणी जेवढ्या उंचीवर चढवतो, ती सुमारे १३ टक्क्यांनी घटते.

धातू कोणता? नेहमीच्या एलजी-२ गनमेटलमध्ये सुमारे ५ टक्के शिसे असते आणि जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी बहुधा किंचित आम्लधर्मी, धातूला खाणारे. पिण्याचे पाणी आहे, तेव्हा सीएफ-८एम, म्हणजे ओतीव ३१६ स्टेनलेस मागा. ओतून आलेला इम्पेलर बॅलन्स केल्याशिवाय, म्हणजे वजन सगळ्या बाजूंनी सारखे केल्याशिवाय, बसवलात तर बेअरिंग लवकर जाते.

मोटर आणि केसिंग वाचतात, फाइल जपलीत तर पुढच्या वेळी पॅटर्नची मेहनतही वाचते. मात्र केसिंगच खड्डे पडून झिजले असेल आणि मोटरची तार दोनदा नव्याने गुंडाळून झाली असेल, तर दुकानदाराचे ऐका.

प्रश्न (म्हापसा): फिल्टरमधून नळाकडे जाणाऱ्या जोडणीचा अ‍ॅडॅप्टर पीईटीजीत प्रिंट केला. आठवड्याने आट्यांतून पाझर सुरू झाला. टेफ्लॉन टेप दोनदा बदलली. रिळावर ‘फूड ग्रेड’ लिहिलेले आहे.

उत्तर: टेपचा दोष नाही. बाहेरचे आटे कसताना तुकडा लांबीच्या दिशेने ताणला जातो आणि आट्याच्या मुळाशी, जिथे भिंत सर्वांत पातळ, तिथे थर उकलतात. टाकी ८ मीटर वर असली तरी दाब जेमतेम ०.८ बार, पण नळ झटकन बंद केला की त्याच्या कितीतरी पट धक्का बसतो. ‘फूड ग्रेड’ म्हणाल तर ते रिळावरच्या धाग्यापुरते. तो शिसे असू शकणाऱ्या पितळी नोझलमधून वितळून येतो आणि प्रिंटच्या थरांमधल्या खाचांत जंतूंचा बुळबुळीत पापुद्रा धरतो. त्यात कार्बन फिल्टरने पाण्यातला क्लोरीन आधीच काढून टाकलेला असतो, त्यामुळे पुढे जंतूंना अडवणारे काही उरत नाही. तयार स्टेनलेसचा अ‍ॅडॅप्टर घ्या.

प्रिंटर टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपवर कामी लावा. ५० मिमी पाइपवर बसणारी, तोंडाशी ७५ मिमीपर्यंत रुंदावणारी टोपी करा आणि त्यात स्टेनलेसची डासांची बारीक जाळी बसवा. रुंदीमुळे जाळीचे क्षेत्रफळ सव्वादोन पट होते, थोडा कचरा अडकला तरी पाणी तुंबत नाही. आतला व्यास पाइपच्या मोजलेल्या बाहेरच्या व्यासाहून ०.३ मिमी जास्त ठेवा. गच्चीवरच्या उन्हात पीएलए हे नेहमीचे प्रिंटिंग प्लास्टिक वाकते, ऊन सोसणारे एएसए वापरा.

प्रश्न (वाळपई): पावसाळ्यात नोझलमधून तडतड आवाज येतो, तुकडे ठिसूळ निघतात.

उत्तर: धाग्याने दमट हवा शोषली आहे, नोझलमध्ये तिची वाफ होते आणि भिंतीत बुडबुडे राहतात. पीईटीजीचे रीळ ६५ अंशांवर सहा तास रीळ सुकवायच्या ड्रायरमध्ये ठेवा. घरच्या ओव्हनवरचा आकडा खरा नसतो, त्यात रीळच वाकते. नंतर सिलिका जेल टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यातूनच धागा प्रिंटरला द्या.