गल्ल्याची चावी

"माझा कुणावरच विश्वास बसत नाही, अगदी घरच्यांवरही. मला काही आजार आहे का?" हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. त्यातल्या एकांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

लातूर जिल्ह्यातल्या एका मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांची अडत; शेतकऱ्यांचा माल विकून देण्याचं दुकान. वय पन्नाशीचं, झोप उडालेली. पोरगा गल्ल्यातून पैसे काढतो, मुनीम हिशेबात खातो, बायको माहेरी पैसे पुरवते, असे संशय. पुरावा एकाचाही नाही. "सगळेच फसवायलेत, मॅडम." फी देऊन परत मिळालेली पन्नासाची नोट त्यांनी खिडकीशी नेऊन उजेडात धरली. दिवसभर असं जगणं किती थकवत असेल, या विचाराने मला भरून आलं.

तिसऱ्या भेटीत बोलता बोलता निघालं. सोयाबीनचं मॉइश्चर, म्हणजे ओलावा, मशीनवर ११ टक्के आलं तरी ते शेतकऱ्याला १४ सांगत आणि पोत्यामागे अर्धा किलो जादा कडता धरत, म्हणजे वजनातून कापत. लगेच म्हणाले, "शेतकरी काय कमी हायेत का? तेबी माती मिसळतेत."

मला धागा तिथे सापडला. १९५९ साली फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना तासभर कंटाळवाणं काम दिलं आणि पुढच्याला 'मजा आली' असं खोटं सांगायला लावलं. काहींना त्यासाठी २० डॉलर दिले, काहींना फक्त १. नंतर विचारलं, तर एक डॉलरवाल्यांनाच ते काम जास्त आवडलेलं! पैशासाठी खोटं बोललो, असं म्हणायची सोय त्यांना नव्हती. मग मनाने समजूतच बदलली. अर्ध्या किलोचे वीस-बावीस रुपये. तेवढ्यासाठी आपण लबाडी केली, हे यांच्याही मनाला पचत नव्हतं. त्यापेक्षा 'जगच लबाड आहे' हे मानणं सोपं. पण जग म्हटलं की त्यात बायको आली, पोरगाही आला.

मी त्यांना एक वही घालायला सांगितली. आज कुणाला काय खोटं सांगितलं, एवढंच लिहायचं. कारण लिहायचं नाही. पहिले आठ दिवस पानंच्या पानं कारणांनीच भरली. मग एक ओळ आली: 'म्हातारीचे सहा पोते. तीन किलो.' खाली काहीच नव्हतं. ती वाचून दाखवताना त्यांचा आवाज बसला.

मी उपदेश केला नाही. पुढच्या आठवड्यापासून मशीनवरचा आकडा शेतकऱ्यालाच वाचायला लावायचं, हे त्यांनी आपणहून ठरवलं.

परवा आले होते. झोप अजून अधूनमधून मोडते. "पोराकडं गल्ल्याची चावी देऊन जेवाय घरी गेलतो," म्हणाले. "अर्ध्या जेवणातून उठलो, मॅडम. चपला घातल्या. मग परत येऊन बसलो ताटावर."