मेट्रोचा सिंह: वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

हॉलिवूडच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीचा चित्रपट सुरू होण्यापूर्वी पडद्यावर गर्जना करणाऱ्या सिंहाविषयी वाचकांकडून बरेच प्रश्न आले आहेत. त्यांतील काही एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न: लहानपणी पाहिलेला मेट्रोचा सिंह आणि आज दिसणारा सिंह हे एकच आहेत का? आयाळ आणि चेहरा वेगळा वाटतो. (एक वाचक, सातारा)

आपले निरीक्षण अचूक आहे. तो एकच सिंह नाही. कंपनीच्या इतिहासात सर्वसाधारणपणे सात सिंह मोजले जातात, आणि त्यांच्यातील बहुतेक बदलांमागे त्या त्या काळात चित्रपटाच्या तंत्रात झालेले स्थित्यंतर आहे.

सिंहाची कल्पना मुळात मेट्रो-गोल्डविन-मेयरची नव्हेच. ती गोल्डविन पिक्चर्स या आधीच्या कंपनीची. तिचे प्रसिद्धीचे काम पाहणारे हॉवर्ड डिट्झ हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे विद्यार्थी होते, आणि त्या विद्यापीठाच्या क्रीडासंघांचे चिन्ह सिंह होते. तेच त्यांनी १९१७च्या सुमारास कंपनीच्या बोधचिन्हात आणले. सिंहाभोवती फिल्मच्या पट्टीचे गोलाकार कडे आले आणि त्यावर ‘आर्स ग्राशिया आर्टिस’ हे लॅटिन ब्रीदवाक्य झळकले. कलेसाठी कला, असा त्याचा आशय. पुढे १९२४ मध्ये चित्रपटगृहांचे मालक मार्कस लो यांनी मेट्रो पिक्चर्स, गोल्डविन पिक्चर्स आणि लुई बी. मेयर यांची कंपनी एकत्र आणली, तेव्हा सिंह जणू हुंड्यात आल्याप्रमाणे नव्या कंपनीकडे आला. ज्यांचे नाव कंपनीला चिकटले ते सॅम्युअल गोल्डविन मात्र त्याआधीच आपल्या कंपनीतून बाहेर पडले होते आणि नव्या कंपनीच्या कारभारात त्यांचा कधीच सहभाग नव्हता. नाव आणि सिंह राहिले, माणूस गेला.

नव्या कंपनीचा पहिला सिंह म्हणजे स्लॅट्स. त्याचा जन्म १९१९ मध्ये डब्लिनच्या प्राणिसंग्रहालयात झाला आणि व्होल्नी फायफर या प्रशिक्षकाने त्याला तयार केले. काळ मूकपटांचा असल्यामुळे त्याच्या गर्जनेचा उपयोगच नव्हता. पडद्यावर तो फक्त इकडे तिकडे पाहतो. १९२८ मध्ये कंपनीच्या चित्रपटांना आवाज मिळाला आणि त्याच वर्षी जॅकी नावाचा सिंह आला. ‘व्हाइट शॅडोज इन द साउथ सीज’ या चित्रपटाच्या आरंभी प्रेक्षकांनी त्याची गर्जना प्रथमच ऐकली. चित्रपट ताहितीत मूकपट म्हणून चित्रित झाला होता आणि संगीत व आवाज त्याला मागाहून जोडले होते. अशा वेळी कथेतील पात्रांच्याही आधी बोधचिन्हातील प्राण्याने तोंड उघडावे, ही मला फार मोठी घटना वाटते. पडदा आता ऐकू येतो, हे कंपनीने पहिल्या काही क्षणांतच प्रेक्षकाला पटवून दिले, आणि तेही एकही शब्द न वापरता.

जॅकीची काही सेकंदांची ती चित्रफीत जिथे मिळेल तिथे जरूर पाहावी. कड्याच्या दोन्ही बाजूंना फिल्मच्या पट्ट्या वळत गेलेल्या आहेत, खाली नाटकाचा मुखवटा आहे आणि मधल्या वर्तुळात मान किंचित वळवून बसलेला सिंह आहे. तो तोंड उघडून गर्जना करतो, मग थोडे गुरगुरतो, आणि शेवटी चौकटीच्या बाजूला कुठेतरी पाहत राहतो. त्या शेवटच्या नजरेत अभिनय नाही, शिकवलेले काही नाही. जिवंत जनावराचे लक्ष दुसरीकडे गेले आहे एवढेच. माझ्या मते या बोधचिन्हाचे सगळे बळ त्या नजरेत होते.

जॅकी कृष्णधवल चित्रपटांवर १९५६ पर्यंत टिकला. १९३९च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’साठी त्याच्यावर तपकिरी छटा चढवण्यात आली, कारण त्या चित्रपटाचा आरंभ त्याच छटेत होतो. बोधचिन्ह आणि चित्रपट यांच्यात सांधा दिसू नये म्हणून घेतलेली ही काळजी आजही शिकण्यासारखी आहे.

रंग आले तेव्हा अडचण वेगळी निर्माण झाली. रंगीत चित्रपटाच्या आधी कृष्णधवल सिंह दाखवणे विसंगत दिसले असते, म्हणून रंगासाठी स्वतंत्र सिंह चित्रित झाले. दोनच मूळ रंगांवर चालणाऱ्या सुरुवातीच्या टेक्निकलर या रंगपद्धतीसाठी टेली आणि कॉफी हे दोन सिंह आले, आणि तीन रंगांची पद्धत स्थिरावली तेव्हा, १९३४ मध्ये, टॅनर आला. आपल्यापैकी अनेकांना टॅनर ठाऊक आहे, फक्त नावाने नव्हे. ‘टॉम अँड जेरी’च्या जुन्या व्यंगचित्रपटांच्या आरंभी दिसतो तो हाच. चक जोन्स यांनी १९६३ पासून त्या मालिकेचे जे भाग केले त्यांत टॅनरच्या जागी टॉम येतो आणि म्याँव करतो, तेही अनेकांच्या लक्षात असेल.

त्यानंतरचा दाट आयाळीचा जॉर्ज जेमतेम दोन वर्षे टिकला. १९५७ मध्ये आलेला लिओ मात्र चित्रण झाले तेव्हा वयाने लहान होता, आयाळही पुरती वाढलेली नव्हती, आणि तरीही त्याने साठाहून अधिक वर्षे पडदा राखला. आपण लहानपणी रंगीत चित्रपटापूर्वी पाहिलेला सिंह बहुधा लिओ असावा, आणि कृष्णधवल पाहिला असेल तर जॅकी.

प्रश्न: सिंहाला टेबलावर बांधून त्याचे चित्रीकरण केल्याचा फोटो समाजमाध्यमांवर फिरतो. या सिंहाने आपल्या प्रशिक्षकाला ठार मारले, असेही त्याखाली लिहिलेले असते. हे खरे आहे का? (एक वाचक, सांगली)

दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. टेबलावर बांधलेला तो सिंह इस्रायलमधील एका प्राणिसंग्रहालयातील आजारी सिंह आहे आणि छायाचित्र त्याच्या सीटी स्कॅनच्या वेळचे आहे. कुणीतरी त्याला मेट्रोच्या कड्याची जोड दिली आणि ते सगळीकडे पसरले. प्रशिक्षकाच्या मृत्यूची कथाही बनावट आहे. स्लॅट्स १९३६ मध्ये वयोमानाने मेला आणि फायफर यांनी त्याला न्यू जर्सीतील आपल्या शेतात पुरले.

मेट्रोच्या सिंहाच्या चित्रीकरणाचे खरे छायाचित्र याहून कितीतरी बोलके आहे. ठेंगण्या मंचावर सिंह मोकळा बसला आहे, समोर कॅमेरा आहे, ध्वनिमुद्रणाचे साहित्य आहे, आणि तंत्रज्ञ त्याच्यापासून फार दूर नाहीत. मध्ये पिंजरा दिसत नाही.

मात्र या प्राण्यांना नेहमीच काळजीने वागवले गेले, असा समज कुणी करून घेऊ नये. १९२७ मध्ये कंपनीने प्रसिद्धीसाठी एका सिंहाला विमानातल्या पिंजऱ्यात बसवून कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्ककडे पाठवले. मार्टिन जेन्सन हे वैमानिक होते. विमान ॲरिझोनाच्या डोंगराळ भागात कोसळले. वैमानिक आणि सिंह दोघेही वाचले, पण मदत पोहोचेपर्यंत तो प्राणी रानात पिंजऱ्यातच अडकून होता. वर्तमानपत्रांना मथळे मिळाले आणि कंपनीला हवी होती ती प्रसिद्धीही मिळाली. एका मुक्या जीवाला त्यासाठी असे वेठीला धरणे मला आजही अक्षम्य वाटते.

प्रश्न: ही गर्जना सिंहाची नसून वाघाची आहे, असे वाचले. कृपया खुलासा करावा. (एक वाचक, नागपूर)

१९८२ पासूनच्या गर्जनेपुरते ते बरोबर आहे. तोपर्यंत चित्रपटगृहांत स्टिरिओ ध्वनी आला होता आणि जुनी मुद्रणे त्यापुढे पातळ वाटू लागली होती. ‘पोल्टरगाइस्ट’ या चित्रपटाच्या वेळी मार्क मँजिनी या ध्वनिसंयोजकांनी गर्जना नव्याने घडवली आणि तीत वाघांचे आवाज वापरले. पडद्यावर अपेक्षित असलेला तो खवळलेला आवाज सिंह काढत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. खऱ्या सिंहाची आरोळी खोल, लांबलेली आणि पुन्हा पुन्हा येणारी असते. दोन-तीन सेकंदांत धाक बसवायचा तर ती पुरत नाही. म्हणजे चेहरा लिओचा आणि आवाज वाघाचा, अशी जोडणी आपण कित्येक वर्षे शंका न घेता ऐकत आलो.

या संदर्भात गर्जना जाणूनबुजून वगळल्याचे एक उदाहरण सांगितलेच पाहिजे. १९५९च्या ‘बेन-हर’चा आरंभ येशूच्या जन्माच्या प्रसंगाने होतो. त्याआधी सिंहाने गर्जना करणे दिग्दर्शक विल्यम वायलर यांना अनुचित वाटले, म्हणून त्या चित्रपटापूर्वी सिंह दिसतो पण गप्प राहतो. पैशाच्या अडचणीत सापडलेल्या कंपनीने आपली सारी मदार ज्या चित्रपटावर ठेवली होती, त्याच चित्रपटासाठी तिने आपली सर्वांत ओळखीची खूण मुकी केली. दिग्दर्शकाच्या म्हणण्याला दिलेला असा मान व्यवसायात क्वचितच पाहायला मिळतो.

प्रश्न: मधल्या काळात सिंहाऐवजी नुसते रेखाचित्र वापरले जात होते का? (एक वाचक, बेळगाव)

होय, थोडा काळ. १९६६ मध्ये कंपनीने सपाट, वर्तुळाकार आणि अगदी मोजक्या रेषांत काढलेला सिंह आणला. ‘ग्रां प्री’ आणि १९६८चा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटांपूर्वी तो दिसतो. अंतराळपटापूर्वी तो शोभूनही दिसला, पण प्रेक्षकांनी त्याला आपले मानले नाही आणि लवकरच लिओ परत आला. ते रेखाचित्र पुढे कंपनीच्या ध्वनिमुद्रिकांवर आणि हॉटेलांवर राहिले. कागदावर ते उत्तम चिन्ह आहे. पडद्यावर मात्र श्वास घेणाऱ्या प्राण्याची जागा रेषा घेऊ शकल्या नाहीत.

प्रश्न: मुंबईच्या मेट्रो सिनेमाचा या सिंहाशी संबंध आहे का? (एक वाचक, दादर, मुंबई)

थेट संबंध आहे. धोबी तलावाजवळचे मेट्रो हे चित्रपटगृह याच कंपनीने १९३८ मध्ये आपले चित्रपट दाखवण्यासाठी बांधले. त्या काळी हॉलिवूडच्या मोठ्या कंपन्या निर्मितीबरोबर चित्रपटगृहेही स्वतःच्या मालकीची ठेवत, आणि मुंबई व कोलकाता येथील मेट्रो ही त्याच धोरणाची फळे. मुंबईच्या इमारतीतील भित्तिचित्रे सर जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी रंगवली. त्यामुळे मुंबईच्या कित्येक पिढ्यांना हा सिंह परदेशी कंपनीचे चिन्ह न वाटता मरीन लाइन्सच्या बाजूचा एक परिचित वाटला. मालकी पुढे बदलली आणि २००६ मध्ये तिथे बहुपडदा चित्रपटगृह झाले, तरी नाव मेट्रोच राहिले.

प्रश्न: आताचा सिंह संगणकाने केलेला आहे, असे म्हणतात. जुने सिंह पुन्हा पाहायचे असतील तर काय करावे? (एक वाचक, पुणे)

२०२१ पासून दिसणारा सिंह संगणकावर घडवलेला आहे, पण त्याचा नमुना लिओच आहे. ब्रीदवाक्य आता आधी इंग्रजीत दिसते आणि मग लॅटिनमध्ये बदलते. कंपनी स्वतः २०२२ मध्ये ॲमेझॉनच्या मालकीची झाली. नव्या सिंहाची आयाळ केसाकेसाने स्पष्ट दिसते आणि त्यासाठी एकाही प्राण्याला दिव्यांखाली बसवावे लागले नाही, ही गोष्ट मी मनापासून स्वागतार्ह मानतो. तरीही जॅकीची ती भलतीकडे गेलेली नजर त्यात नाही. संगणक कितीही बारकाईने काम करो, कुणी सांगितल्याशिवाय त्याचे लक्ष दुसरीकडे जात नाही.

जुने सिंह पाहताना एक अडचण येते. १९८६ मध्ये अमेरिकेतील दूरचित्रवाणी उद्योजक टेड टर्नर यांनी तोपर्यंतच्या मेट्रो चित्रपटांचा संग्रह विकत घेतला आणि दहा वर्षांनी तो वॉर्नर समूहाकडे गेला. म्हणून त्या चित्रपटांच्या आजच्या प्रतींवर आधी वॉर्नरचे चिन्ह येते, मग मूळ सिंह. प्रत नीट जतन केलेली असेल तरच तो तिथे असतो. दूरचित्रवाणीसाठी किंवा स्वस्त डिस्कसाठी काढलेल्या प्रतींत सुरुवात कापून टाकण्याची प्रथा सर्वत्र होती, आपल्याकडेही होती. ‘प्रभात’च्या चित्रपटापूर्वी तुतारी फुंकणारी ती स्त्री दिसली नाही की मराठी रसिकाला काय गमावल्यासारखे वाटते, ते वेगळे सांगायला नको. जुना चित्रपट डिजिटल रूपात आणणाऱ्या प्रत्येक संस्थेने पहिल्या चौकटीपासून काम करावे आणि बोधचिन्हालाही मूळ कृतीचा भाग मानावे, असा माझा आग्रह आहे.

आपल्यासाठी सोपा मार्ग असा. ‘द विझार्ड ऑफ ऑझ’मध्ये तपकिरी जॅकी पाहावा, ‘टॉम अँड जेरी’च्या जुन्या भागांत टॅनर, ‘बेन-हर’मध्ये गप्प राहिलेला सिंह, ‘२००१’मध्ये रेखाचित्र आणि ‘पोल्टरगाइस्ट’मध्ये वाघाच्या आवाजाचा लिओ. प्रत घेताना ती पूर्ण, न कापलेली आणि पुनरुज्जीवित आहे याची आधी खात्री करून घ्यावी.